स्त्री अभ्यासाची पदवी: स्वतंत्र घ्यावी, की आधी दुसरा एखादा विषय पक्का करावा?

पाणंद

एम.ए.च्या प्रवेशांचे दिवस आले की 'स्त्री अभ्यास (विमेन्स स्टडीज) घेऊ का' ही विचारणा सुरू होते. उत्तरं दोनच ठरलेली: 'त्यात पुढे काय मिळणार' किंवा 'नक्की घे, दृष्टी बदलते'. दोन्हींमधून विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून अभ्यासक्रमाचा हिशेबच मांडतो आणि माझं मत देतो. विरोध जरूर करा, पण मुद्दा धरून करा.

माझं मत असं. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, कायदा, संख्याशास्त्र, यांपैकी एक विषय आधी नीट करावा. स्त्री अभ्यास त्याला जोड म्हणून घ्यावा, पदविका म्हणून किंवा निवडक पेपर म्हणून. पहिला आणि एकमेव विषय म्हणून घेऊ नये.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातल्या विद्यापीठांत दोन वर्षांचं एम.ए. ८८ श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) झालं आहे, दर सत्राला २२. त्यातले ४ संशोधन पद्धतीला, ४ क्षेत्रप्रकल्पाला किंवा कार्यप्रशिक्षणाला, १० संशोधन प्रकल्पाला जातात. उरले ७०. या सत्तरांत स्त्रीवादी विचार, चळवळींचा इतिहास, जात आणि लिंगभाव (जेंडर), कायदा, अर्थव्यवहार, आरोग्य, माध्यमं, साहित्य हे सगळं बसवायचं. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास, म्हणजे चार श्रेयांकांच्या पेपराला ६० तास. साठ तासांत कायदा किती येईल? कलमांची नावं येतील, खटला वाचता येणार नाही. साठ तासांत अर्थशास्त्र किती? तक्त्यावर भाष्य करता येईल, तक्ता बनवता येणार नाही. आठ विषयांची तोंडओळख म्हणजे आंतरविद्याशाखीय शिक्षण नव्हे. दोन विद्याशाखा एकमेकींना अडवतात, प्रश्न विचारतात, तेव्हा ते घडतं, आणि त्यासाठी निदान एक तरी शाखा पुरती आपली असावी लागते.

हा अभ्यास ज्यांनी उभा केला त्यांच्याकडे पाहा. नीरा देसाई समाजशास्त्राच्या, वीणा मजुमदार राज्यशास्त्राच्या, लोतिका सरकार कायद्याच्या. स्त्री अभ्यासाची पदवी यांच्यापैकी कोणाकडेच नव्हती.

---

तिफण

पाणंद, शेवटचा मुद्दा तुमच्याच विरोधात जातो. त्यांच्याकडे ती पदवी नव्हती, कारण तो विषयच नव्हता. आणि तो का नव्हता, हे १९७४च्या अहवालात दिसतं.

स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला केंद्र सरकारने १९७१ साली समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. समितीने मांडलेल्या गोष्टींमध्ये सर्वांना हादरवणारी एक होती: दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३०. हा आकडा कुणी लपवून ठेवला नव्हता. दर दहा वर्षांनी जनगणनेत छापून येत होता. लोकसंख्याशास्त्राचे विभाग होते, अर्थशास्त्राचे होते, समाजशास्त्राचे होते, प्रत्येकाची शिस्त पक्की होती. तरीही स्वातंत्र्यानंतरच्या विकासात या बायका कुठे गेल्या, हा प्रश्न कोणत्याही एका विभागाच्या वाट्याला आला नाही. कायद्याच्या, समाजशास्त्राच्या, राज्यशास्त्राच्या बायका एका टेबलाशी बसल्या तेव्हा तो विचारला गेला. त्याच १९७४ साली एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाईंनी संशोधन केंद्र सुरू केलं. १९८१ साली पहिली राष्ट्रीय परिषद तिथेच भरली, पुढच्या वर्षी स्त्री अभ्यासाची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७चं.

म्हणजे त्या पिढीने टेबल तयार केलं, ते पुढच्या पिढीला आयतं मिळावं म्हणून. तुम्ही म्हणता, विद्यार्थ्याने पुन्हा आपापल्या खोलीत जावं आणि अधूनमधून टेबलाशी यावं.

बी.ए.च्या एखाद्या मूळ विषयात स्त्रिया कुठे असतात तेही पाहा. बहुतेक ठिकाणी शेवटच्या घटकात, 'दुर्बल घटक' या मथळ्याखाली. तीन वर्षं तसं शिकल्यावर तो साचा मोडायला एक पदविका पुरत नाही.

---

आकडेमोड

पाणंद यांच्या बाजूने बोलतो, पण कारण वेगळं आहे. श्रेयांक कमी पडतात ही अडचण खरी, मात्र माझी मुख्य तक्रार आकड्यांच्या हाताळणीबद्दल आहे. स्त्रियांविषयीच्या युक्तिवादात आकडे सतत येतात आणि बऱ्याचदा चुकीचे वापरले जातात.

श्रमबल सर्वेक्षणाचं उदाहरण घ्या. १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २०१७-१८ साली २३.३ टक्के होता, २०२३-२४ साली ४१.७ टक्के. हा आकडा 'बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या' असाही वापरला जातो आणि 'हे सगळं खोटं आहे' असंही ठोकून दिलं जातं. दोन्ही बाजू आकड्याच्या आत शिरत नाहीत. सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला कामाच्या स्थितीचा एक संकेतांक मिळतो. २१ म्हणजे घरच्या व्यवसायात किंवा शेतीत बिनपगारी मदतनीस, ती श्रमबलात मोजली जाते. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि शिवाय घरासाठी सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणं, शिवणकाम वगैरे. ९२ आणि ९३ श्रमबलाच्या बाहेर. वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगारात आहे, आणि २१ हा त्यातलाच एक हिस्सा. वाढ पगारी नोकरीत झाली की २१ मध्ये, हे वेगळं काढल्याशिवाय एक वाक्यही लिहू नये. वेगळं काढायचं तर कच्च्या नोंदींची फाइल उघडता आली पाहिजे, प्रत्येक नोंदीचा भारांक लावता आला पाहिजे. भारांक न लावता टक्केवारी काढली की उत्तर चुकतं, कारण नमुन्यातलं प्रत्येक कुटुंब सारख्याच संख्येच्या कुटुंबांचं प्रतिनिधित्व करत नाही.

दुसरं उदाहरण कौटुंबिक हिंसेचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं ('विवाहित' यात विधवा, विभक्त, घटस्फोटितही आल्या). हे प्रश्न सगळ्या घरांत विचारलेच जात नाहीत. निवडलेल्या थोड्या घरांत, घरातल्या एकाच बाईला, आणि एकांत मिळाला तरच विचारतात. म्हणून या भागाचा भारांकही वेगळा असतो. जिथे एकांत मिळाला नाही ती घरं मोजणीतून गळतात. ही गळती कोणत्या दिशेची असेल हे सांगायला स्त्री अभ्यास लागेल, मान्य. पण गळती आहे हे कळायला नमुना निवडीचं शास्त्र लागतं, आणि ते चार श्रेयांकांत होत नाही.

घरकाम मोजण्याचं काम आपल्याकडे आधी कोणी केलं? देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी, सत्तरच्या दशकात, राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या गावांत वेळेची पाहणी करून. देवकी जैन अर्थतज्ज्ञ होत्या. हत्यार हातात होतं म्हणून ते त्यांना वाकवता आलं.

---

तिफण

आकडेमोड, २१ आणि ९३ मधली रेघ सर्वेक्षणात कशी ओढली जाते हेही सांगायला हवं होतं, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. पाहणी करणारा दारात उभा राहतो. अनेकदा उत्तर देतो घरातला पुरुष. 'बायको काय करते?' 'काही नाही, घरीच असते.' गेला ९२. हीच बाई सकाळी शेळ्या सोडते, खुरपणीला जाते, धान्य वाळवते. शेळ्यांचं दूध विकलं जात असेल तर तो घरचा व्यवसाय, मग २१. पुढचा प्रश्न कसा विचारला, किती वेळ थांबून विचारला, यावर ती श्रमबलात येते किंवा बाहेर राहते. भारांक कितीही नीट लावा, दारातच चुकलेली नोंद फाइलमध्ये दुरुस्त होत नाही.

२०१९च्या वेळवापर सर्वेक्षणात हीच गोष्ट दुसऱ्या पद्धतीने धरली. पहाटे ४ पासून दुसऱ्या पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाने, कोणी काय केलं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचे सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचे ९७. २०२४च्या फेरीत २८९ आणि ८८. आता इथेही खोच आहे: भात शिजत असताना बाई मुलाचा अभ्यास घेते, तर तो अर्धा तास कशात धरायचा? एकाच अर्ध्या तासात एकाहून जास्त कामं नोंदवायची सोय सर्वेक्षणात आहे, पण ती वापरली जाते तेव्हाच, जेव्हा विचारणाऱ्याला सुचतं की एका वेळी दोन कामं होत असतील. हे सुचणं म्हणजेच प्रशिक्षण. याला मी पद्धतीचा भाग म्हणते, 'दृष्टी' वगैरे मोघम नाव देत नाही.

---

माळवद

इतका वेळ आकड्यांवर चाललंय. मला एक प्रकरण पुढे ठेवायचं आहे, ज्यात एकट्या विषयाची मर्यादा स्पष्ट दिसते. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया.

२०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे सुमारे १७ टक्के.

नुसतं वैद्यकशास्त्र पाहिलं तर हा अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न आहे, आणि उपाय म्हणजे खासगी डॉक्टरांवर लगाम. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट त्यातूनच आली. ती हवीच होती. पण बाई मुळात डॉक्टरकडे का गेली? अंगावरून जातं, पोटात दुखतं, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, सहा महिने काढायचे. हे झालं सार्वजनिक आरोग्य. मग ती औषधाने बरी होईपर्यंत का थांबली नाही? कारण खाडा. एक दिवस कामावर गेलं नाही की मुकादम पैसे कापतो. ही झाली श्रमाची अर्थव्यवस्था. खाडा इतका जड का? कारण हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती टनावर फेडायची असते, आणि हिशेब 'कोयत्या'चा असतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटी बाई किंवा एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता. बाई आजारी पडली की पुऱ्या जोडीची फेड थांबते. मग कारखाना जबाबदार का नाही? कारण करार मुकादमाशी, कामगाराशी नाही. हा कायदा. आणि या फडावर पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या समाजातल्या बायका आहेत, त्यांची लग्नं लवकर का होतात, तर जोडी झाल्याशिवाय पुरी उचल मिळत नाही. ही जात आणि विवाहसंस्था.

अर्थशास्त्राचा पदवीधर यात उचलीपाशी थांबेल. डॉक्टर शस्त्रक्रियेपाशी. कायद्याचा पदवीधर करारापाशी. कोयता हे एकक लग्नावर उभं आहे, म्हणून बाईचं शरीर फेडीच्या वेळापत्रकात अडकतं, ही जोडणी करायला या सगळ्यांच्या मधोमध शिकलेला माणूस लागतो. पाणंद, तुमचे आठ पेपर मला तोंडओळख वाटत नाहीत. या एका प्रकरणाला ते सगळेच लागतात.

---

पाणंद

माळवद, मांडणी उत्तम आहे आणि ती मला पूर्ण पटते. पण ही जोडणी झाल्यावर पुढे काय? कारखाना मूळ नियोक्ता ठरतो का, हे कोर्टात मांडायचं तर कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा आणि त्यावरचे निकाल तोंडपाठ असलेला वकील लागेल. १७ टक्के जास्त की कमी, हे सांगायचं तर त्याच वयाच्या, त्याच तालुक्यातल्या, ऊस न तोडणाऱ्या बायकांचा आकडा शेजारी ठेवावा लागेल. वय जुळवलं नाही तर तुलना फसते, कारण गर्भाशय काढण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढत जातं. ही कामं करणारा कोणीतरी 'पक्का' माणूसच असतो. स्त्री अभ्यासाचा पदवीधर त्या खोलीत चांगले प्रश्न विचारेल. त्याला पगार कोण देईल, हा माझा प्रश्न मी लपवत नाही.

---

उंबरा

पगाराचं कोणीतरी काढणारच होतं. इथे भाबडेपणा नको, म्हणून नियम जसे आहेत तसे लिहितो.

नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, संकेतांक ७४. पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, एकत्र तीन तास, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. एम.ए.ला खुल्या वर्गासाठी ५५ टक्के, राखीव वर्गांसाठी ५० टक्के हवेत. इथवर ठीक. अडचण पुढे आहे. ज्या विषयात एम.ए., त्याच विषयात नेट द्यायची असा नियम आहे. म्हणजे स्त्री अभ्यासात एम.ए. केलेल्याने समाजशास्त्रात नेट काढून समाजशास्त्राच्या जागेवर अर्ज करावा, ही वाट बंद. जाहिरातीत 'संबंधित विषय' असं लिहिलेलं असेल तर छाननी समिती काय ठरवेल यावर सगळं. आणि सहायक प्राध्यापकांच्या जागा निघतात त्या मुख्यतः समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास अशा पदवीच्या विषयांत. स्त्री अभ्यासाची अनेक केंद्रं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून, पंचवार्षिक योजनांच्या चौकटीत उभी राहिली. बारावी योजना मार्च २०१७ला संपली आणि त्या चौकटीवरच्या पदांचं भवितव्य टांगणीला लागलं. कंत्राटी पद हेच बऱ्याच ठिकाणचं वास्तव आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत स्त्री अभ्यास नाही. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात स्त्रिया आणि स्त्री संघटनांची भूमिका हा घटक आहे, तेवढाच थेट उपयोग. बी.ए.च हा विषय घेऊन केलं तर बी.एड.ला अडतं, कारण शाळेत हा विषय नाही आणि अध्यापनपद्धतीसाठी शालेय विषय लागतो.

म्हणून बी.ए.ला मूळ विषय, या एका बाबतीत मी पाणंद यांच्याबरोबर आहे. एम.ए.बद्दल नाही. ज्याचं बी.ए. अर्थशास्त्राचं किंवा एल.एल.बी. झालेलं आहे, त्याने एम.ए. स्वतंत्र स्त्री अभ्यासात जरूर करावं. त्याच्या हातात दोन्ही राहतं.

---

तिफण

महाविद्यालयाबाहेरचं काम तुम्ही मोजलंच नाही. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) १९७५ पासून आहे, ग्रामीण बचत गटांचं 'उमेद' अभियान आहे, जिल्ह्या-जिल्ह्यांत कौटुंबिक हिंसेच्या तक्रारींसाठी संरक्षण अधिकारी आहेत, समुपदेशन केंद्रं आहेत. राज्याचं महिला धोरण १९९४ पासून आहे, चौथं २०२४ साली आलं, त्याच्या अंमलबजावणीला माणसं लागतात. शिवाय कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा हवाच.

---

उंबरा

बाहेरच्या सदस्याचा भत्ता नियमांत दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च आहे. मोठ्या कंपन्या जास्त देतात, पण यावर घर चालत नाही. आणि हे सदस्यत्व पदवीनंतर लगेच मिळावं असंही नाही. नियमांत (जिल्ह्याच्या स्थानिक समितीसाठी) अशा व्यक्तीची उदाहरणं आहेत ती पाच वर्षं या क्षेत्रात काम केलेल्या सामाजिक कार्यकर्त्याची किंवा श्रम, सेवा, दिवाणी, फौजदारी कायदा जाणणाऱ्याची.

तरीही हा भाग प्रत्येक स्त्री अभ्यास विभागाने कसून शिकवायला हवा, कारण समित्या चुकतात त्या इथेच. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत, कारण पटलं तर आणखी ३ महिने मुदतवाढ. तक्रारीच्या सहा प्रती. समोरच्याला प्रत ७ कामकाजाच्या दिवसांत, त्याचं उत्तर १० कामकाजाच्या दिवसांत. चौकशीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, मालकाची कारवाई ६० दिवसांत. कुणी सलग तीनदा गैरहजर राहिलं तर एकतर्फी निर्णय घेता येतो, पण आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. समितीतल्या सदस्यांना तक्रारदाराची बाजू मनापासून पटते, आणि त्या भरात समोरच्याला साक्षीदारांची जबानी दिली जात नाही, त्याचे प्रश्न नोंदवले जात नाहीत. पुढे नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर अहवाल रद्द होतो आणि खरी तक्रार वाया जाते. संवेदनशील असूनही कार्यपद्धती न जाणणाऱ्या माणसामुळे तक्रारदार बाईचंच नुकसान होतं. हे मला फार गंभीर वाटतं.

---

सांजवेळ

मुलग्यांनी हा विषय घ्यावा का, आणि घेता येतो का?

---

माळवद

सांजवेळ, घेता येतो. एसएनडीटी हे मुळात महिला विद्यापीठ आहे, पण टाटा समाजविज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ इथे प्रवेश सर्वांना खुला आहे. वर्ध्याला माध्यम हिंदी आहे, ही मराठी वाचणाऱ्यांसाठी मोठी सोय. घ्यावा का, तर हो. ऊसतोडीत, खाणीत, तमाशात पुरुषाचं पुरुषपणही त्याच व्यवस्थेत घडतं, तोही अभ्यासाचा भाग आहे.

---

कोनाडा

भाषेचा मुद्दा आला म्हणून लिहिते. या धाग्यावर अजून तो कोणीच धरला नव्हता, आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची पहिली ठेच तिथेच लागते.

पहिल्या सत्रात स्त्रीवादी विचारांचा पेपर येतो. तो बहुतेक ठिकाणी इंग्लंड-अमेरिकेतल्या स्त्रीवादी चळवळीच्या 'लाटां'पासून सुरू होतो. विद्यार्थी लाटा पाठ करतो, पितृसत्ता, लिंगभाव, कर्तेपण हे शब्द पाठ करतो, आणि ते शब्द आपल्या गल्लीत कुठे लागू होतात हे त्याला सापडत नाही. उलट बाजूने सुरुवात करून पाहा. मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतल्या विद्यार्थिनीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. त्यात मांग-महारांच्या बायका उघड्यावर बाळंत होतात, हे थेट लिहिलेलं आहे. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२चं, बुलढाण्यातल्या बाईचं. बालपणी लावलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८, त्यानंतर १८९१चा संमतिवयाचा कायदा. १९१६ साली डॉ. आंबेडकरांनी जातीचा उगम स्त्रियांवरच्या नियंत्रणाशी, सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाहाशी जोडून दाखवला. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी १९८९ साली आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा इतिहास त्यांच्याकडे जाऊन गोळा केला. हे सगळं मराठीशी आणि मराठी मुलखाशी बांधलेलं आहे. यातून गेलेल्या विद्यार्थ्याला 'लाटा' नंतर दोन आठवड्यांत समजतात, कारण प्रश्न आधी कळलेला असतो.

आणि यात आणखी एक वाद दडलेला आहे. 'स्त्री' असा एकच गट आहे का? १९९५ साली दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला तो हाच प्रश्न घेऊन. पुण्याच्या केंद्रात शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची, म्हणजे दलित स्त्रियांच्या जागेवरून पाहण्याची, मांडणी केली आणि अध्यापनातही ती आणली. माझी फूटपट्टी सरळ आहे: ज्या विभागात 'जात आणि लिंगभाव' हा पेपर ऐच्छिक आहे, त्या विभागाने आपल्याच जमिनीकडे पाठ केली आहे. तिथे जाऊ नये.

---

आकडेमोड

कोनाडा, शेवटचं विधान फार कडक वाटतं. ऐच्छिक असूनही शिकवणारा माणूस दमदार असेल तर?

---

कोनाडा

तो माणूस निवृत्त झाला की पेपर बंद पडतो. सक्तीचा असेल तर विद्यापीठाला दुसरा नेमावा लागतो. म्हणून कडक आहे.

---

तिफण

आता लघुशोध प्रबंधाकडे येते, कारण विद्यार्थी तिथे खरा उघडा पडतो आणि पाणंद यांचा आक्षेप तिथेच तपासून पाहता येतो.

पहिली चूक विषयाची. 'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण: एक अभ्यास'. हा दहा जणांनी दहा वर्षं करायचा विषय आहे. प्रकल्पाचे १० श्रेयांक म्हणजे प्रत्यक्ष कामाचे ३०० तास धरा (वर्गाबाहेरच्या कामाचा श्रेयांक ३० तासांचा). एक तासाची मुलाखत ऐकून शब्दशः उतरवायला चार ते सहा तास जातात, बोलीभाषा असेल तर जास्तच. २५ मुलाखती घेतल्या तर नुसतं उतरवण्यातच सव्वाशे तास गेले. मग वाचन, संकेतन (मुलाखतींतल्या मुद्द्यांची वर्गवारी), लेखन कधी? म्हणून १२ ते १५ मुलाखती, एक गाव, एक प्रश्न. प्रश्नसुद्धा असा की ज्याला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देता येऊ नये. 'बचत गटामुळे फायदा झाला का' याला सगळ्या हो म्हणतात. 'मागचं कर्ज कशाला घेतलं आणि ते पैसे कोणाच्या हातात गेले' याला गोष्ट सांगावी लागते.

दुसरी चूक गावात शिरण्याच्या वाटेची. गटाच्या अध्यक्षाकडून किंवा समुदाय संसाधन व्यक्तीकडून (गटांसाठी काम करणाऱ्या गावातल्या कार्यकर्तीकडून) गेलं की ती तुम्हाला ज्यांची फेड वेळेवर आहे त्यांच्याकडेच नेते. फेड थकलेल्या, गट सोडलेल्या बायका दिसत नाहीत, आणि निष्कर्ष आपोआप गोड येतो. गट सोडलेल्यांची यादी वेगळी मागावी, किंवा रेशन दुकान, अंगणवाडी, दळणाची गिरणी अशा दुसऱ्या दारातून शिरावं. तिसरी चूक जागेची. ओसरीवर मुलाखत सुरू केली की सासू शेजारी येऊन बसते. तिला उठवता येत नाही, उठवूही नये. तिच्याशी आधी, वेगळं, मन लावून बोलावं. मग सुनेशी बोलायला जागा मिळते.

आकडेमोड, यातलं काहीही अर्थशास्त्राच्या एम.ए.मध्ये शिकवत नाहीत. हे आमच्याकडचं पक्कं हत्यार आहे. त्याला तोंडओळख म्हणू नका.

---

आकडेमोड

हे मान्य करतो, आणि मनापासून. गट सोडलेल्यांची यादी वेगळी मागायची, हा नमुन्यातल्या गळतीचाच विचार आहे, माझ्याच शास्त्रातला.

तरी एक सुचवतो. माळवद यांचं ऊसतोडीचं प्रकरण कोणी प्रबंधाला घेतलं, तर १२ मुलाखतींच्या जोडीला मुकादमाच्या वह्या पाहाव्यात. उचल किती, तिची नोंद कोणाच्या नावावर आहे, खाडा कोणत्या दिवशी पडला, किती कापले, फेड किती हंगाम चालली. तीस कोयत्यांच्या नोंदी मिळाल्या तरी साधा तक्ता होतो: रकाने पाच, ओळी तीस. एवढ्याला संगणकाचं मोठं ज्ञान लागत नाही.

---

माळवद

वही मिळणं अवघड असतं. मुकादम दाखवत नाही, कारण उचलीचा आकडा बाहेर गेला की दुसऱ्या टोळ्या भाव मागतात. हंगाम संपल्यावर, मे-जूनमध्ये, पुढची उचल ठरायच्या आधी विचारलं तर जमू शकतं. दिवाळीच्या आसपास विचारू नये, तेव्हा टोळ्या हलत असतात आणि प्रत्येक जण घाईत असतो. मुकादमाचं, गावाचं आणि कारखान्याचं नाव प्रबंधात कुठेही येऊ देऊ नये. बायका पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जाणार असतात.

आणि वही मिळाली तर नावाचा रकाना नीट पाहा. कोयता जोडीचा असला तरी नोंद एकाच नावावर असेल, तर ते नाव नवऱ्याचं असण्याचीच शक्यता जास्त. तुमच्या पाच रकान्यांत सहावा घाला: बाईचं नाव वहीत आहे की नाही.

---

पाणंद

सहावा रकाना मला सुचला नसता. तो मान्य.

पण बी.ए.ला मूळ विषय हवा, या मतावर मी ठाम आहे. एम.ए.साठी माझी अट आता थोडी बदलतो: ज्या विभागात संशोधन पद्धतीच्या चार श्रेयांकांत मुलाखत आणि तक्ता दोन्ही हाताने करून घेतात, तिथे कोणत्याही पदवीवरून जावं. प्रवेशाआधी विभागात जाऊन मागच्या दोन वर्षांचे प्रबंध चाळायला मागा. शीर्षकं 'एक अभ्यास'ने संपत असतील तर दुसरा विभाग पाहा.